कानावर हात

साहेब गेले. ओनित्शात आज तीन चौक बंद.
शवपेटीपुढे ट्रकभर भोंगे,
आणि भोंग्यांत सिल्व्हेनसचा आवाज,
जो स्वतः अकरा वर्षांपूर्वी
उधारीच्या पेटीतून गेला.

मी फिलोमिना. सुगरण छाप रेकॉर्ड कंपनीची हिशेबनीस.
बत्तीस वर्षं.
शाईचे डाग अजून बोटांवर आहेत.

सुरुवातीला सायकलच्या सुट्या भागांचं दुकान होतं.
चेनी, ब्रेकच्या तारा, कोपऱ्यात एक ग्रामोफोन.
साहेब भोंगा दारात लावायचे
आणि स्वतः आत, जमिनीलगत बसून
बाजाराला निघालेल्यांचे पाय बघायचे.
तोंडं खोटं बोलतात, फिलोमिना.
पाय थांबले की गाणं चाललं.

आणि चाललं.
नायजरच्या दोन्ही काठांना, लग्नांत, बारशांत,
ताडीच्या गुत्त्यांत, मिशनच्या फादरांच्या खोलीतसुद्धा
सुगरणीचं पिवळं लेबल गरगरत राहिलं.

सिल्व्हेनस त्यांना लॉरीखाली सापडला.
म्हणजे तो उताणा पडून पाना फिरवत गात होता,
साहेबांना दिसले ते त्याचे दोन पाय.
पांढऱ्या पँटीसकट ते चिखलात गुडघे टेकून बसले,
एक हात कानावर.

ती त्यांची खूण. सगळ्या फोटोंत आहे.
एक हात कानावर म्हणजे साहेब ऐकतायत.
दोन्ही कानांवर दोन्ही हात म्हणजे
पैशाचा विषय निघालाय.

करार मीच टाइप केला.
एक गिटार (हप्त्यांनी कापून घ्यायची),
तांदळाचं एक पोतं,
खाली डाव्या अंगठ्याचा ठसा, ग्रीसचा.
शाई लागलीच नाही.

पण मी हिशेबनीस आहे, जमेची बाजू कोरी ठेवणार नाही.
लढाई आली. पूल पडला.
लोक घरातलं सोनं पुरत होते,
बाईसाहेब ओरडत होत्या, आणि साहेब
कसाव्याच्या शेतात रात्रभर खड्डा खणत होते
चाळीस टेपांसाठी.
अडीच वर्षांनी उकरल्या. बारा जगल्या.
ओल शिरली होती. प्रत्येक गाण्यामागे
कुणी धान्य पाखडत असल्यासारखी खरखर.
लागोसहून आलेला तंत्रज्ञ म्हणाला, काढून टाकू.
साहेब म्हणाले, हात लावू नका,
तीही तिथेच होती.
भोंगा पुन्हा दारात लागला. पाय थांबले.
एकच पाय उरलेलेही थांबले.

मग कॅसेटी आल्या.
नकली सुगरण, निम्म्या किमतीत, रस्त्यावर ढिगानं.
साहेब पोलिसांत गेले, चोर, चोर करत.
सिल्व्हेनस त्या दिवशी उचल मागायला आलेला,
बाकावर बसून इतका हसला
की ठसका लागला.
तो खोकला मग गेला नाही.
औषधाचं विचारलं मी.
दोन्ही हात.

माझ्याकडे दुसरी वही आहे, हिरवी.
तिच्यात खरे आकडे, तारखांसकट.
साहेबांना ठाऊक होती. एकदा त्यांनी ती उघडली,
शेवटच्या पानापर्यंत वाचली,
सही केली नाही, फाडलीही नाही,
फडताळात जागच्या जागी ठेवून दिली.
याचा ताळा मला अजून लागलेला नाही.

काल धाकटा मुलगा आला होता.
परदेशातल्या कुणाला मूळ टेपा हव्यात म्हणे,
खरखरीसकट.
देईन. वहीसकट देईन.

रात्री एक लावून पाहिली.
गाणं सुरू व्हायच्या आधीचे
पाच-सहा सेकंद कुणी पुसलेलेच नाहीत.
सिल्व्हेनस, कोवळा, तारा जुळवता जुळवता:
सर, तेवढं माझ्या पैशाचं?
आणि साहेब, काचेच्या पलीकडून, मऊ,
पोराला थोपटावं तसे:
एक,
दोन,
तीन,
चार.